घरचे जुने व्हिडिओ स्टिकवर आणताना

गेल्या दिवाळीत लेकाने पुण्याहून येताना फायर स्टिक, म्हणजे टीव्हीला खोचून त्यावर व्हिडिओ पाहायची ॲमेझॉनची छोटी कांडी, आणली आणि टीव्हीला लावून दिली. सासूबाईंचं वय ८९. त्यांनी रिमोट हातात धरून पहिलाच प्रश्न विचारला, "यात अण्णा दिसतील का गं?"

अण्णा म्हणजे माझे सासरे. मिरज जंक्शनवर नोकरी केली, आणि उरलेला सगळा वेळ तंबोऱ्याला दिला. २००४ साली त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, तेव्हा भाऊजींनी मिनी डीव्ही (छोट्या डिजिटल कॅसेटच्या) कॅमेऱ्याने तासाभराचं शूटिंग केलं होतं. त्यात एक जागा आहे, चार-पाच मिनिटांची. पहाटेच्या उजेडात अण्णा तंबोरा जुळवताहेत. समोरून भाऊजी काही बोलत नाहीत, कॅमेरा हलवत नाहीत. २०१० मध्ये अण्णा गेले आणि त्यानंतर ती चार मिनिटं आमच्या घरात फार मोलाची झाली. पण ती टीव्हीवर नीट कुणीच पाहिलेली नव्हती.

मी हे सगळं करून पाहिलं त्याला आता वर्ष होईल. ओळखीतल्या पाच-सहा घरांत तोच प्रश्न निघाला: कपाटात सीड्या आहेत, जुन्या हार्ड डिस्कवर फायली आहेत, टीव्हीवर चालत नाहीत. म्हणून केलं तसं लिहिते आहे. मी कॉम्प्युटर शिकलेली नाही, शाळेत गणित शिकवत होते. त्यामुळे जे समजून घेतलं तेच सांगते.

सगळ्यात आधी, काहीही कन्व्हर्ट करण्यापूर्वी, म्हणजे एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलण्यापूर्वी, मूळ फायलींची नक्कल दुसऱ्या हार्ड डिस्कवर करून ठेवा. हे मी आग्रहाने सांगते, कारण आमचं काम त्यावरच तरलं. २०१२ मध्ये एका दुकानात ही कॅसेट 'एमपी४ करून द्या' म्हणून दिली होती. त्यांनी दिलेल्या फाइलीत अण्णांची बोटं तारेवरून फिरली की बोटांना कंगव्यासारखे दात यायचे आणि तारा जागच्या जागी थरथरायच्या. तो दोष त्या फाइलीत कायमचा भाजला गेला होता, आता कुणालाही काढता येणार नाही असा. पण भाऊजींनी २००६ मध्ये कॅमेरा कॉम्प्युटरला जोडायच्या फायरवायर केबलने कॅसेटवरून जशीच्या तशी उतरवलेली १३ जीबीची एव्हीआय फाइल त्यांच्या जुन्या डिस्कवर शाबूत होती. ती नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता फाइलीच्या आत काय असतं ते. नावाच्या शेवटी जे एव्हीआय, एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही असतं ते फक्त डब्याचं नाव. डब्यात चित्र एका पद्धतीने दाबून भरलेलं असतं, आवाज दुसऱ्या पद्धतीने. स्टिक किंवा टीव्ही अडतो तो बहुतेकदा डब्यापाशी नाही, आतल्या चित्रापाशी किंवा आवाजापाशी. एकाच 'एव्हीआय' नावाच्या आमच्या तीन फायलींमध्ये तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या. हे पाहायला 'मीडियाइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात ओढून टाकायची आणि चार गोष्टी वहीत लिहायच्या: चित्राचा फॉरमॅट, रुंदी-उंची, स्कॅन टाइप आणि आवाजाचा फॉरमॅट. मी खरोखर वही घातली. एका पानावर एक फाइल. वीस मिनिटांत सगळं घर डोळ्यांसमोर आलं.

आणि त्यातून कळलं की निम्म्या फायलींना हात लावायची गरजच नाही. आजच्या बहुतेक स्टिक आणि टीव्हीला जोडायचे बॉक्स जे निमूटपणे चालवतात ते असं: एमपी४ च्या डब्यात एच.२६४ पद्धतीने दाबलेलं चित्र आणि एएसी पद्धतीचा स्टिरिओ आवाज. फाइल आधीच तशी असेल तर ती तशीच पेनड्राइव्हवर टाका. दरवेळी कन्व्हर्ट करताना चित्रातलं थोडं काहीतरी जातंच, आणि गेलेलं परत येत नाही. चालणाऱ्या फायलीला 'एकदा सगळंच करून घेऊ' म्हणून दळून काढू नका.

कन्व्हर्ट करायचं काम मी 'हँडब्रेक' नावाच्या सॉफ्टवेअरने करते. तेही फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, हँडब्रेक डॉट एफआर. गुगलवर त्याच नावाच्या भलत्या साइटही दिसतात, तिकडे जाऊ नका. विंडोजवर ते मायक्रोसॉफ्टचं डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम मागेल, ते एकदा बसवायचं.

अण्णांची फाइल उघडली. मीडियाइन्फोने सांगितलं होतं: डीव्ही, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे पूर्ण चित्रं), स्कॅन टाइप इंटरलेस्ड. या शेवटच्या शब्दावर थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओंचं निम्मं दुखणं तिथे आहे.

आपल्याकडचा जुना टीव्ही 'पाल' नावाच्या पद्धतीचा. काचेच्या नळीवाल्या टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं दाखवायची तर ती लुकलुकतात, म्हणून प्रत्येक चित्राचे दोन भाग केले: आधी एकाआड एक रेघा, मग मधल्या उरलेल्या रेघा. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड. महत्त्वाचं हे की कॅमेऱ्यानेही ती अर्धी चित्रं वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात, एकापासून दुसरं सेकंदाच्या ५० व्या भागाने पुढे. जो हलत नाही तो दोन्हींत एकाच जागी असतो. जो हलतो तो तेवढ्यात पुढे सरकलेला असतो. जुन्या टीव्हीवर ते एकामागून एक दिसायचं, त्यामुळे सगळं गुळगुळीत. आजचा सपाट पडदा दोन्ही फील्ड एकत्र विणून एकदम दाखवतो, आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडेला रेघांचे दात उभे राहतात. औक्षण करणाऱ्या हाताला, धावणाऱ्या पोराला, आणि तंबोऱ्याच्या तारेवरच्या बोटांना.

दुकानवाल्यांनी काय केलं असणार ते आता मला कळतं. त्यांनी फील्ड सोडवलीच नाहीत, वर चित्राचा आकार बदलला. आकार बदलताना शेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात, मग कोणती रेघ कोणत्या क्षणाची हे कुणालाही सांगता येत नाही. ती सोडवायची ती मूळ फाइलीतूनच आणि आकार बदलायच्या आधी. हँडब्रेक हा क्रम स्वतःच पाळतं.

तर मी असं केलं. हँडब्रेकमध्ये प्रीसेटची, म्हणजे तयार सेटिंगच्या संचांची, यादी असते, त्यात 'जनरल'खाली 'फास्ट ५७६पी२५' घेतलं. ते पालच्या जुन्या व्हिडिओंसाठीच आहे. मग त्यात चार बदल केले.

पहिला बदल 'फिल्टर्स'मध्ये. 'डीइंटरलेस'मध्ये 'याडिफ' निवडलं, नव्या आवृत्तीत 'बीडब्ल्यूडिफ' असेल तर ते अजून बरं, आणि त्याच्या शेजारच्या प्रीसेटमध्ये 'बॉब'. 'इंटरलेस डिटेक्शन' बंद केलं, म्हणजे कुठली फ्रेम सोडवायची याचा अंदाज ते करत बसत नाही, सगळ्या सोडवतं. साधं 'डिफॉल्ट' घेतलं तर दोन फील्डमधून एकच पूर्ण चित्र बनतं, सेकंदाला २५. बॉब घेतलं की प्रत्येक फील्डचं स्वतःचं पूर्ण चित्र बनतं, सेकंदाला ५०. म्हणजे कॅमेऱ्याने त्या पहाटे जेवढे क्षण टिपले होते तेवढे सगळे हाती लागतात. मी दोन्ही करून शेजारी शेजारी पाहिले. २५ मध्ये दात गेले होते पण बोटं तुटक हलत होती, जुन्या मूकपटासारखी. ५० मध्ये तर्जनी तारेवरून अलगद सुटताना दिसली. तो फरक पाहिल्यावर मी पुन्हा २५ कडे गेले नाही.

दुसरा बदल 'व्हिडिओ'मध्ये, आणि हा विसरला तर पहिला वाया जातो. प्रीसेटने फ्रेमरेट २५ वर अडवून ठेवलेला असतो. तो ५० करायचा आणि शेजारी 'कॉन्स्टंट'वर खूण करायची.

तिसरा, त्याच पानावर 'कॉन्स्टंट क्वालिटी'चा सरकता खुंटा. त्यावर आरएफ म्हणून आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. ५७६ च्या जुन्या चित्राला १८ ते २२ यामध्ये ठेवा असं हँडब्रेकचेच लोक सांगतात. मी १८ घेतला, कारण हे एकदाच करायचं काम आहे. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, 'एच.२६४ एक्स२६४' आणि वेग 'स्लो'. लॅपटॉपमधल्या चिपची जलद वाट, म्हणजे क्यूएसव्ही किंवा एनव्हीएन्क नावाची, असते. काम झटपट होतं, पण त्याच आकाराच्या फाइलीत चित्र थोडं मऊ पडतं. माझ्या सात वर्षं जुन्या लॅपटॉपला या तासाभराच्या फाइलीला पाऊण तास लागला. तेवढ्यात भाकऱ्या झाल्या. १३ जीबीचे १.९ जीबी झाले.

चौथा, कडा. हँडब्रेक काळ्या कडा आपोआप कापतं, पण अंधाऱ्या शूटिंगमध्ये ते फसतं. पहाटेच्या त्या प्रसंगामुळे आमच्या चित्राची डावी बाजू त्याने काळी कड समजून कापायला घेतली होती. 'डायमेन्शन्स'मध्ये क्रॉपिंग कस्टम करून चारही आकडे पाहा. शंका असेल तर शून्य ठेवा. चार ठिपक्यांची काळी पट्टी राहिली तर कुणाचं काही जात नाही.

एक गोष्ट मी जाणूनबुजून केली नाही. 'डीनॉइज' नावाचं फिल्टर असतं, चित्रातली खरखर पुसायचं. ते लावून पाहिलं आणि लगेच काढलं. खरखरीबरोबर अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची नक्षीसुद्धा पुसली गेली. चेहरा गुळगुळीत झाला, आणि ते अण्णा राहिले नाहीत. आजकाल एआयने चित्र मोठं आणि चकचकीत करून देतात, त्यात तर नसलेले बारकावे भरले जातात. घरच्या माणसांच्या बाबतीत मला ते मान्य नाही. कॅमेऱ्याने जे पाहिलं तेच राहू द्यावं.

पूर्ण फाइल लावण्याआधी तीस सेकंदांची चाचणी करा. वर 'रेंज' असतं, त्यात 'सेकंद्स' निवडून सुरुवात आणि शेवट द्यायचा. चाचणीला शांत बसलेल्या माणसांचा भाग घेऊ नका, भरपूर हालचालीचा घ्या. मी तारा जुळवतानाचेच तीस सेकंद घेतले. त्यात माणसं पुढे जाऊन मागे येतात, धक्के खातात असं दिसलं तर समजायचं की फील्डचा क्रम उलटा लागला. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, डीव्हीडीत बहुधा वरचं. बहुतेक वेळा फाइल स्वतःच ते सांगते आणि हँडब्रेक ऐकतं. मला आजवर एकाच फाइलीत हे भोवलं, एका नातेवाइकांच्या कॅप्चर केलेल्या व्हीएचएसमध्ये.

आवाजाची गोष्ट वेगळी. अण्णांनी शेवटी उठून चार वाक्यं बोलली होती, आभाराची. ती टीव्हीवर फक्त डाव्या स्पीकरमधून येत होती, आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, डाव्या कानाने कमी ऐकू येतं. भाऊजींनी बाहेरचा माइक लावला होता, तो एकाच बाजूला रेकॉर्ड झाला. हँडब्रेकच्या 'ऑडिओ'मध्ये 'मिक्सडाउन'च्या यादीत 'मोनो, लेफ्ट ओन्ली' असं आहे. ते घेतलं की डावीकडचाच आवाज दोन्ही बाजूंना येतो, उजवीकडची सरसर जाते. आवाज लहान असेल तर तिथेच 'गेन' आहे, ४ ते ६ डेसिबलपेक्षा जास्त चढवू नका, नाहीतर टाळ्यांच्या वेळी फुटतो. कोडेक, म्हणजे आवाज दाबायची पद्धत, एएसी, १६० बिटरेट. तंबोऱ्याचा नाद त्यात पुरेसा राहतो, मी डोळे मिटून ऐकून पाहिलं.

आता बाकीच्या फायली. या भराभर सांगते.

व्हीसीडी. २००० च्या सुमारास लग्नाचं मिक्सिंग करून शूटिंगवाले दोन किंवा तीन सीड्या द्यायचे. आमच्या वन्संच्या लग्नाच्या तीन आहेत. त्यात 'एमपेगएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये डॅट नावाची मोठी फाइल असते. चित्र एमपेग-१, ३५२ बाय २८८. इंटरलेस नसतं, त्यामुळे डीइंटरलेस बंदच ठेवा, उगाच लावलं तर असलेली धारही जाते. आकार मोठा करू नका, तो टीव्ही करेल. खरी अडचण सीडीवरून फाइल उतरवण्याची. व्हीसीडीत जास्त व्हिडिओ मावावा म्हणून चूक दुरुस्त करणारी जादाची माहिती गाळलेली असते, त्यामुळे जरासा ओरखडाही कॉपी अडवतो. आमची दुसरी सीडी लॅपटॉपच्या ड्राइव्हवर तीनदा अडली. मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे पुसली, गोल नाही, आणि शेजारच्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हवर लावली, तिथे निघाली. एका ड्राइव्हने नाही म्हटलं म्हणून सीडी फेकू नका.

डीव्हीडी. यात 'व्हिडिओ टीएस' फोल्डरमध्ये व्हीओबी नावाच्या एकेक जीबीच्या फायली असतात. एकेक फाइल वेगळी कन्व्हर्ट केली की मंगलाष्टकं मधेच तुटतात. हँडब्रेकमध्ये 'फोल्डर' निवडून पूर्ण फोल्डरच द्या, ते सलग टायटल म्हणून वाचतं. डीव्हीडी बहुधा इंटरलेस्ड असते, म्हणजे वरचं बॉबचं सगळं इथेही करायचं.

एमटीएस फायली. २०१० नंतरच्या सोनी, पॅनासॉनिकच्या कॅमेऱ्यांच्या कार्डवरच्या. नातवाची मुंज आमच्याकडे अशीच आहे. आत चित्र आधीच एच.२६४ असतं, आवाज बहुधा डॉल्बीचा एसी-३. चित्र दिसतं पण आवाज येत नाही असं झालं तर ही एसी-३ पद्धतच कारण. लांब शूटिंग कार्डवर तुकड्यांत पडतं. ते तुकडे जोडायला मी 'लॉसलेसकट' वापरते. ते चित्र पुन्हा दाबत नाही, फक्त डबा बदलतं, त्यामुळे दोन मिनिटांत होतं आणि काही गमावत नाही. हँडब्रेकला तुकडे जोडता येत नाहीत आणि चित्र तसंच ठेवून डबा बदलताही येत नाही, म्हणून दोन्ही सॉफ्टवेअर हवीत. जोडलेली फाइल आधी स्टिकवर लावून पाहा. नीट चालली, दात दिसले नाहीत, तर तिथेच थांबा.

जुन्या मोबाइलच्या ३जीपी फायली. चित्र इवलंसं, आवाज एएमआर, म्हणजे फोनवर बोलण्याइतकाच. माझ्या आईचा हलता-बोलता म्हणून एवढाच ११ सेकंदांचा तुकडा माझ्याकडे आहे, ती अंगणात तांदूळ पाखडताना कुणाला तरी हाक मारते. स्टिकने आवाज वाजवला नाही. हँडब्रेकमधून काढला, आकार न वाढवता, आरएफ १६ वर. ११ सेकंदांच्या फाइलीत जागा वाचवून काय करायची.

आयफोनचे व्हिडिओ. लेकाचे सगळे असेच. एमओव्हीच्या डब्यात एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ असतं, नव्या फोनमध्ये वर एचडीआर, म्हणजे जास्त उजळ-गडद छटांचं चित्र. नव्या स्टिक ते चालवतात, जुन्या बॉक्सवर आवाज येतो आणि पडदा काळा, किंवा रंग धुतल्यासारखे फिके. पुढच्यासाठी सोपा उपाय: फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कंपॅटिबल', आणि 'रेकॉर्ड व्हिडिओ'मध्ये एचडीआर बंद. आधीच घेतलेल्यांना 'फास्ट १०८०पी३०'. फोनचा फ्रेमरेट उजेडाप्रमाणे कमीजास्त होतो, लांब व्हिडिओत ओठ आणि आवाज सरकायला लागतात, म्हणून इथेही 'कॉन्स्टंट' ठेवा.

फायली बऱ्याच असतील तर एकेक लावत बसू नका. सेटिंग करून 'ॲड टू क्यू' करत जा आणि रात्री झोपताना सुरू करा. फक्त लॅपटॉप चार्जिंगला असू द्या आणि त्याची स्लीप बंद करा.

मग स्टिकवर नेणं. आमचं पहिलं पाऊल इथेच अडलं होतं, कन्व्हर्ट करायच्याही आधी. ३२ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह, १३ जीबीची फाइल, आणि विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही, जागा कितीही असो. स्टिक आणि बॉक्सना मात्र फॅट३२ सगळ्यात खात्रीने वाचता येतं. म्हणून पेनड्राइव्ह तसाच ठेवा आणि फायली ४ जीबीच्या आत ठेवा. वरच्या सेटिंगने तासाचा जुना व्हिडिओ सहज बसतो.

फायर स्टिकला पेनड्राइव्हची वेगळी जागा नाही, वीज येते तेच एक तोंड. त्यासाठी ओटीजी केबल लागते, ती सुद्धा दोन फाट्यांची: एकात पेनड्राइव्ह, दुसऱ्यात चार्जर. साधी ओटीजी घेतली तर वीज कुठून देणार, हे दुकानातच विचारा. स्टिकवर व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारं सॉफ्टवेअर बसवा, तेही फुकट, आणि त्यात 'ब्राउझ'मध्ये पेनड्राइव्ह दिसतो. घरात वायफाय चांगलं असेल तर लॅपटॉपवरचं फोल्डर शेअर करूनही व्हीएलसीत उघडतं. लॅपटॉपवर 'जेलीफिन' हे घरचे व्हिडिओ मांडून टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर बसवलं तर पोस्टर, नावं, सगळं छान मांडून मिळतं. पण त्याला लॅपटॉप सुरू हवा. आईंना दुपारी दोन वाजता वाटलं तर दोन वाजता अण्णा दिसले पाहिजेत, म्हणून आमच्याकडे पेनड्राइव्हच आहे.

टीव्हीवर दोन सेटिंग तपासा. स्टिकच्या 'डिस्प्ले अँड साउंड्स'मध्ये 'डिस्प्ले', तिथे 'व्हिडिओ रिझोल्यूशन'. बहुधा ते ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, असतं. आपण एवढ्या निगुतीने ५० केलेलं चित्र ६० वर दाखवलं की ठरावीक अंतराने बारीक हिसका बसतो, कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा तो जाणवतो. '१०८०पी ५० हर्ट्झ' करा. नव्या स्टिकमध्ये फ्रेमरेट आपोआप जुळवण्याचाही पर्याय आहे.

दुसरं, चित्राचा आकार. जुनं चित्र ४:३ चं, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणं बरोबरच आहे. पडदा भरावा म्हणून टीव्ही ते ओढतो आणि सगळी माणसं जाड दिसतात. अण्णा किडकिडीत होते. आई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हे असे नव्हते गं." ते टीव्हीच्या रिमोटवरच्या पिक्चर साइझमधून सरळ झालं, फाइलीला काही करावं लागलं नाही. याउलट माणसं किंचित उभट दिसत असतील, तर तुमचा प्लेअर फाइलीतली रुंदीची सूचना वाचत नाही. पालचं ७२० रुंदीचं चित्र दाखवताना ७६८ इतकं करायचं असतं. व्हीएलसी ते करतं. टीव्हीच्या आतला प्लेअर करत नसेल तर हँडब्रेकच्या 'डायमेन्शन्स'मध्ये ॲनामॉर्फिक 'नन' करून रुंदी ७६८, उंची ५७६ द्या. त्यासाठी रिझोल्यूशनची मर्यादा काढावी लागते आणि 'अलाऊ अपस्केलिंग'वर खूण करावी लागते.

पाडव्याच्या दुपारी लावलं. आई पुढे सरकून बसल्या. तंबोऱ्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी हाताने 'थांब' अशी खूण केली. मी पॉज केलं. त्या म्हणाल्या, "दोरा सरकवतायत बघ." घोडीवर तारेखाली बारीक सुताचा दोरा असतो, तो केसभर इकडेतिकडे केला की जवारी लागते, नाद उघडतो. अण्णांचा अंगठा आणि तर्जनी त्या दोऱ्यावर होती. दुकानातून आलेल्या फाइलीत मी तो प्रसंग निदान दहा वेळा पाहिला असेल. त्या बोटांच्या चिमटीत दोरा आहे हे मला कधी दिसलंच नव्हतं, तिथे नुसत्या रेघा होत्या.

त्या दिवसापासून आम्ही आणखी एक काम सुरू केलं, आणि मी तुम्हालाही ते लगेच करायला सांगेन. व्हिडिओ लावून आईंच्या शेजारी वही घेऊन बसायचं. मिनिट, सेकंद, आणि दिसणाऱ्या माणसांची नावं. '०७:१५, ओवाळणाऱ्या पाच बायका, डावीकडून...' असं. मग ते टाइप करून व्हिडिओच्याच नावाची साधी टेक्स्ट फाइल पेनड्राइव्हवर शेजारी ठेवायची. फाइलींच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग, म्हणजे यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. मूळ १३ जीबीची फाइल, नवी फाइल आणि ही नावांची यादी, असा एकेक संच आता तीन ठिकाणी आहे: आमच्याकडे, लेकाकडे पुण्यात आणि वन्संकडे बेळगावला.

६२ मिनिटांत आईंनी ४७ माणसं ओळखली. एकच राहिली आहे. ३१ व्या मिनिटाला हिरव्या इरकलीतली एक बाई अण्णांना वाकून नमस्कार करते, आणि अण्णा तिच्याशी बराच वेळ काही बोलतात. तेवढ्याच भागाचा ४० सेकंदांचा तुकडा लॉसलेसकटने काढून वन्संना व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. त्या म्हणाल्या, गदगच्या आत्यांना विचारून सांगते.